हिरव्या पाटीवरचा पिवळा नंबर

अर्ज द्यायला गेले त्या दिवशी रांगेत आम्ही पंधरा-वीस जणी होतो आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता. गुलाबी रिक्षा घेतली तर लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद होतील का? माझ्या पुढे उभ्या असलेल्या मावशींनी तर ठरवूनच टाकलं होतं, बंद होणार असतील तर रिक्षा नको. शेवटी आतल्या मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं की अट चारचाकीची आहे, रिक्षा तीनचाकी, तेव्हा काळजी करू नका. मावशींनी तरी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचं मला काही चुकलं असं वाटत नाही. दर महिन्याला हातात पडणारे दीड हजार सोडून पाच वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं, तर बाई विचारणारच.

मी हडपसरला राहते. सहा घरी पोळ्या करायचे, महिन्याचे चौदा हजार मिळायचे. मुलगी आठवीत आहे. नवऱ्यापासून वेगळं राहायला लागून सहा वर्षं झाली. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात गुलाबी ई-रिक्षाची, म्हणजे विजेवरच्या रिक्षाची, ही योजना जाहीर झाली, १७ शहरांमधल्या १० हजार महिलांसाठी. जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. मला ती कळली बचत गटाच्या बैठकीत. अंगणवाडीच्या ताईंनी फळ्यावर तीन आकडे लिहिले होते: वीस, दहा, सत्तर. रिक्षाच्या किमतीतले वीस टक्के सरकार देणार, दहा टक्के आपण भरायचे, सत्तर टक्के बँकेचं कर्ज आणि ते पाच वर्षांत फेडायचं. मी तेव्हा फक्त वीसकडे बघितलं. पुढचं सगळं वर्ष दहा आणि सत्तरच्या मागे जाणार आहे हे तेव्हा समजलं नव्हतं.

चालवण्याची हौस मात्र आधीपासून होती. शेजारच्या काकांची सीएनजीची रिक्षा आहे. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात ते मुलीला आणि मला फेऱ्या मारायला द्यायचे. काकू ओरडायच्या, क्लच घासतील या दोघी. काका म्हणायचे, घासू दे, शिकतायत ना.

कागदपत्रांची यादी तशी मोठी नाही. आधार, पॅन, अधिवासाचा दाखला, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्याचा दाखला, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, चालक परवाना, आणि रिक्षा मी स्वतःच चालवीन असं हमीपत्र. यादीखाली प्राधान्याच्या ओळी होत्या. विधवा, कायद्याने घटस्फोटित, राज्यगृहातल्या मुली, अनाथ प्रमाणपत्र असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या. 'कायद्याने' या शब्दावर माझं बोट थांबलं. मी सहा वर्षं वेगळी राहते, पण कोर्टात गेलेली नाही. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, आणि गावाकडे आई-वडिलांना तोंड द्यायची ताकदही तेव्हा नव्हती. म्हणजे सरकारी कागदावर मी नांदती बाई. असं म्हणणाऱ्या आमच्या एका रांगेतच आणखी तिघी भेटल्या. सोडून दिलेल्या बाईकडे सोडल्याचा कागद नसतो. मला वाटतं, ग्रामसेवकाचा किंवा नगरसेवकाचा दाखला, नाहीतर बचत गटाचा ठराव धरून तरी अशा बायकांना प्राधान्याच्या यादीत जागा द्यायला हवी. मी साध्या यादीतूनच अर्ज भरला.

त्यातही रेशनकार्डावर माझं नाव सासरच्या कार्डात होतं, दुसऱ्या जिल्ह्यात. उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तलाठी विचारणार, कुटुंब कोणतं? सासरचं धरलं तर दिराची नोकरी धरली जाणार. मग आधी तिथून नाव कमी करून आणायचं, मग इथे माझं आणि मुलीचं नवं कार्ड. गावाकडे तीन खेपा झाल्या. दोन वेळा रजा घेऊन, एकदा मुलीची परीक्षा असताना रात्रीच्या एसटीने जाऊन सकाळी परत. सासूबाईंनी दारात उभं राहून विचारलं, आता नावसुद्धा काढतेस का? मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, रिक्षासाठी काढतेय, दुसरं काही मनात नाही. त्यांनी आत जाऊन जुनं कार्ड आणून दिलं. काही बोलल्या नाहीत.

आधारचंही तसंच. कुठल्याही दाखल्यासाठी ओटीपी लागतो, आणि माझ्या आधारला मोबाईल नंबर जोडलेला होता तो नवऱ्याचा. कधीतरी लग्नानंतर त्यानेच नेऊन जोडला होता. पन्नास रुपये आणि एक सकाळ एवढ्यात ते काम झालं, पण ते आधी करायचं असतं हे कुणी सांगत नाही. ज्या कुणी हे वाचत असतील आणि अर्ज करायच्या विचारात असतील त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हा नंबर बघावा.

परवान्याचं काम मला आवडलं. शिकाऊ परवाना निघाल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, त्या महिन्यात काका रोज पहाटे साडेपाचला रिक्षा घेऊन उभे असायचे. मग ट्रायल. त्या दिवशी मैदानात तीनचाकीच्या रांगेत मी एकटी बाई होते. आठचा आकडा काढताना मागून कुणीतरी ओरडलं, ताई हँडल सोडू नका. सोडलं नाही. पण नुसत्या परवान्यावर भाडं मारता येत नाही, बॅज, म्हणजे भाड्याची गाडी चालवायचा बिल्ला, लागतो, आणि बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी. पोलीस चौकीत बोलावलं तेव्हा घरमालकांना वाटलं, हिने काय केलं? त्यांना सगळं समजावून सांगता सांगता चाळभर झालं की ही रिक्षा चालवणार आहे. एका अर्थी बरंच झालं, नंतर प्रत्येकाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता बँक. इथे मी जवळजवळ सोडून दिलं होतं.

पहिल्या बँकेत अर्ज दिला. महिनाभराने कळलं की सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचे गुण, कमी आहे. का कमी आहे? लॉकडाऊनमध्ये सहाच्या सहा घरांनी मला येऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यात दोन घरांनी पगार चालू ठेवला, चार घरांनी नाही. तेव्हा एका मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटकर्जाचे पाच हप्ते थकले होते. पुढे मी सगळे फेडले. शेवटचा हप्ता भरल्याची पावती माझ्याकडे डब्यात होती. पण संगणकात अजून दोन हजार तीनशे रुपये बाकी दिसत होते. त्या कंपनीची आमच्या भागातली शाखा तोवर बंद झाली होती. फोन लावला की एका माणसाकडून दुसऱ्याकडे. शेवटी गटातल्या आम्ही चौघी मिळून त्यांच्या मोठ्या कार्यालयात गेलो, दिवसभर बसलो, आणि थकबाकी नसल्याचा दाखला हातात घेऊनच उठलो. त्यानंतर तो संगणकात चढायला दीड महिना. तेवढ्यात पहिल्या बँकेने माझी फाइल बंद केली होती.

मला त्या वेळी राग एका गोष्टीचा आला. सरकारने वीस टक्के कबूल केलेत, मंजूर यादीत नाव आहे, तरी रस्ता अडतो तो सत्तर टक्क्यांवर, आणि तो निर्णय खिडकीपलीकडच्या एका माणसाच्या हातात आहे, ज्याने गरीब बाईच्या कर्जाचा हिशेब कधी मांडलेला नाही. अनुदान असतं म्हणजे पैसे असतात असं बाहेरच्यांना वाटतं. ते पैसे माझ्या हातात कधी आलेच नाहीत, गाडीच्या हिशेबात परस्पर वळते झाले. ते तसंच असावं, त्यात माझी तक्रार नाही. पण त्या वीसपर्यंत पोचायला दहा आणि सत्तर आधी उभे करावे लागतात.

दुसऱ्या बँकेत शाखा व्यवस्थापक बाई होत्या. त्यांनी फाइल उघडायच्या आधी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, दिवसाला किती किलोमीटर चालवाल ते लिहा. मी ऐंशी लिहिलं. त्यातले भाड्याचे किती, रिकामे किती? मी काकांना विचारून ठेवलं होतं, तीन किलोमीटर चालवली की एक रिकामा जातो. मीटर तेव्हा २५ रुपयांनी सुरू व्हायचं, पहिल्या दीड किलोमीटरला, पुढे किलोमीटरला १७. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, म्हणाल्या, तीस नाही, तुम्हाला मुलगी आहे, ती आजारी पडेल. मग चार्जिंग, विमा, टायर, आणि हप्ता. कोटेशनवर किंमत पावणेचार लाखांच्या जवळपास होती. म्हणजे कर्ज दोन लाख साठ हजारांच्या घरात, हप्ता साधारण साडेपाच हजार. खाली जो आकडा उरला तो पोळ्यांच्या चौदा हजारांपेक्षा जास्त होता. त्यांनी त्या आकड्याभोवती गोल केला आणि तोच कागद फाइलला जोडला. इतक्या वर्षांत माझ्याशी पैशांबद्दल इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

जामीनदार म्हणून मी जिथे पोळ्या करायचे त्यातल्या एका घरच्या आजी उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका आहेत. सही करताना म्हणाल्या, माझ्या पोळ्यांची सोय करून जा म्हणजे झालं. मी माझ्या चुलत जावेला तिथे लावून दिलं.

राहिले दहा टक्के. सदतीस हजार म्हणजे माझी अडीच महिन्यांची सगळी कमाई, घरभाडं आणि खाणं न धरता. भिशी माझी डिसेंबरला लागणार होती, ती गटातल्या बायकांनी मला आधी उचलू दिली. पंचवीस हजार ते. उरलेले बचत गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घेतले. बँकेच्या कर्जासाठी वर्ष गेलं आणि गटाचं कर्ज एका संध्याकाळी चटईवर बसून मंजूर झालं. दहा टक्क्यांची अट असावी का, यावर आमच्यात बराच वाद होतो. काहींचं म्हणणं, स्वतःचे पैसे घातले की माणूस गाडी जपतो. ते खरं आहे. पण जिच्यामागे गट नाही, भिशी नाही, ती सावकाराकडे जाते आणि दहा टक्क्यांवर महिन्याचं व्याज भरत राहते. निदान हे दहा टक्के पहिल्या सहा महिन्यांत हप्त्याहप्त्याने भरायची मुभा असती तरी कितीतरी जणींचं काम झालं असतं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. राज्याच्या वीस टक्क्यांशिवाय केंद्र सरकारचंही अनुदान तेव्हा या गाडीवर होतं, पीएम ई-ड्राइव्ह या योजनेतून. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली, १०,९०० कोटींची. आधी प्रवासी तीनचाकीला बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे ५,००० रुपये होते, माझ्या वेळेपर्यंत ते २,५०० झाले होते. ग्राहकाला किंमत तेवढी कमी करूनच सांगायचे आणि कंपनी नंतर सरकारकडून वसूल करायची. त्यासाठी ई-व्हाउचर काढावं लागायचं. शोरूममधल्या मुलाने मोबाईलसमोर चेहरा धरायला सांगितला, आधारशी जुळला की नाही ते बघितलं, मग माझ्या नंबरवर लिंक आली, कागद छापून सही केली, आणि गाडीशेजारी उभं करून फोटो काढला. एका आधारवर एकच गाडी. चेहरा जुळल्याची हिरवी खूण आली तेव्हा मला त्या पन्नास रुपयांच्या सकाळची आठवण झाली. तेव्हा नंबर बदलला नसता तर ही लिंक नवऱ्याच्या फोनवर गेली असती.

आरटीओत पासिंग होऊन नंबर आला. खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. आरसीवर बँकेचा बोजा आहे, पण मालकाच्या रकान्यात माझं नाव आहे, आडनावासकट माहेरचं.

काकांची रिक्षा चालवलेल्या हाताला ही गाडी पहिल्यांदा विचित्र वाटते. क्लच नाही, गिअर नाही, किक नाही. सिग्नलला उभी असली की बंद पडली की काय असं वाटतं, इतकी शांत. संध्याकाळी घरी आल्यावर अंगात ती थरथर राहत नाही, जी काका वीस वर्षं घेऊन झोपतायत. त्यांनी पहिली फेरी मारली आणि म्हणाले, माझ्या पाठीला ही आधी मिळायला हवी होती.

स्टँडवरचे पहिले पंधरा दिवस सोपे नव्हते. परमिट नसलेली गाडी इथे लावायची नाही, असं स्पष्ट सांगण्यात आलं. इलेक्ट्रिक प्रवासी गाडीला २०१८ पासून केंद्राने परमिटातून सूट दिलेली आहे, ते मी दाखवलं. बॅज दाखवला. तरी माझी गाडी रांगेत पुढे सरकू द्यायचे नाहीत. मला त्यांचाही विचार आला. परमिट खुली झाल्यापासून रिक्षा किती वाढल्या ते आम्ही सगळेच बघतो, भाडं तेवढंच राहिलं. त्यांचेही हप्ते आहेत, आणि त्यांना कुणी वीस टक्के दिलेले नाहीत. एका दुपारी तिथल्या एका ज्येष्ठ चालकांच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं, तिला बाईची रिक्षा हवी होती. मी नेलं, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रांगेत जागा मिळाली. पण हे माणसावर सोडायला नको. बायकांना रिक्षा देताना स्टँडवर चार हात जागाही नेमून द्यायला हवी.

आणि चार्जिंग. मी सगळ्या योजनेत सर्वांत कमी विचार याचा केला होता. वाटलं, प्लग लावायचा आणि झोपायचं. घरमालकांनी पहिल्या महिन्याचं बिल हातात घेतलं आणि दारात येऊन उभे राहिले. त्यांचं बरोबर होतं. घरगुती विजेचे टप्पे असतात. शंभर युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे जवळपास दुप्पट, तीनशेच्या पुढे आणखी वर. रोज सात-आठ युनिट गाडीला म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास, आणि त्यांचं बिल उडी मारून वरच्या टप्प्यात गेलं. ती उडी माझ्या एकटीच्या गाडीमुळे. मी फरकाचे पैसे दिले. पण प्रत्येक महिन्याला हे भांडण कोण काढणार? मग कळलं की वाहन चार्जिंगसाठी वेगळ्या वर्गाचा मीटर मिळतो, त्याला घरगुती टप्पे लागत नाहीत. भाडेकरार, घरमालकांचं ना-हरकत पत्र, वायरमनचा दाखला एवढं जमवून मीटर बसला. घरमालक पत्रावर सही करायला महिनाभर तयार नव्हते, जागेवर हक्क सांगशील म्हणून. शेवटी बचत गटाच्या अध्यक्षांनी त्यांच्याशी बोलणी केली आणि करारात तसं वाक्य घातलं. गाडी देताना सोबत या मीटरचा अर्जही भरून घेतला तर केवढा त्रास वाचेल.

एकदा मात्र वाटेत अडकले. पावसाळ्यातली संध्याकाळ, पुणे स्टेशनहून उंड्रीचं भाडं, तीन माणसं आणि बॅगा. चढाला बॅटरीचा आकडा असा उतरतो की डोळ्यांनी दिसतो. त्यांना सोडलं तेव्हा बॅटरी अकरा टक्क्यांवर होती. जवळच एक चार्जिंग स्टेशन होतं, तिथे गेले, तर ते मोटारींसाठीचं. तिथली बंदूक माझ्या गाडीच्या तोंडात बसेना. तिथल्या मुलाने हात जोडले. पाऊस सुरूच. पुढे एका गल्लीत पिठाची गिरणी दिसली. गिरणीला जाड प्लग असतो हे माहीत होतं म्हणून थांबले. गिरणीवाल्या वहिनींनी आधी गाडी बघितली, मग मला बघितलं, आणि दळण थांबवून पॉइंट मोकळा करून दिला. तासभर बसले तिथे. त्यांनी चहा दिला, मी त्यांना योजनेचे आकडे सांगितले. वीस, दहा, सत्तर. निघताना पन्नास रुपये ठेवले ते त्यांनी परत माझ्या डॅशबोर्डवर ठेवले. तेव्हापासून बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली असली की चढाचं भाडं घेत नाही.

आता महिन्याचं गणित त्या कोऱ्या कागदाच्या आसपास चालतं. पहिल्या तीन महिन्यांत कमी पडलं, ग्राहक बांधलेले नव्हते. सकाळी शाळेच्या पाच मुली कायमच्या झाल्या, दुपारी दोन आजी डायलिसिसला आठवड्यातून दोनदा, रात्री आठला कंपनीतून सुटणाऱ्या तीन मुली. त्या मुली माझ्यासाठी दहा मिनिटं थांबतात, दुसरी रिक्षा करत नाहीत. हप्ता एकही चुकलेला नाही. पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी दर आठवड्याला तीनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकते. भिशीवाल्या बायकांचे पैसे फिटले. गटाचं अर्धं कर्ज राहिलंय.

गेल्या आठवड्यात फोन आला. त्या रांगेतल्या मावशींचा. त्यांनी तेव्हा अर्ज घरी नेला तो भरलाच नव्हता. आता सुनेसाठी भरायचाय म्हणाल्या, मुलगा गेला वर्षापूर्वी, पोर लहान आहे. माझा नंबर त्यांना अंगणवाडीच्या ताईंनी दिला. कुठून सुरुवात करायची ते सांग. मी म्हटलं, सुनेच्या आधारला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय ते आधी बघा. फोन तसाच ठेवून त्या आत गेल्या, भांड्यांचा आवाज आला, मग परत आल्या. म्हणाल्या, मुलाचाच आहे, बंद पडलाय तो. उद्या सकाळी शाळेची फेरी झाली की साडेनऊला त्या दोघींना घेऊन आधार केंद्रावर जायचंय.